कुंभार्ली घाट आणि अब्बांची पद्मिनी

चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर मुंबई-गोवा महामार्ग सोडून पूर्वेला वळले की कऱ्हाडचा रस्ता लागतो. खेर्डीची कारखान्यांची वस्ती, पिंपळी, शिरगाव, पोफळी अशी गावे मागे पडतात आणि समोर सह्याद्री भिंतीसारखा उभा राहतो. तोवरचा रस्ता वाशिष्ठीच्या खोऱ्यातला, फारसा त्रास न देणारा. पोफळीनंतर कुंभार्ली घाट सुरू होतो आणि माथा येईपर्यंत चढण काही गाडीची पाठ सोडत नाही. कोकण रेल्वे चिपळूणवरून जाते, पण इथून देशावर चढणारा लोहमार्ग नाही. त्यामुळे आमच्या बाजूच्या माणसाला पाटण, कऱ्हाड, सांगली, मिरज गाठायचे तर हाच घाट जवळचा.

या घाटाने मासळी वर जाते आणि देशावरची भाजी, गूळ, साखर खाली येते. आजारी माणसेही याच घाटाने वर जातात. चिपळूण-गुहागरकडच्या कितीतरी घरांना कऱ्हाडच्या दवाखान्यांची वाट पाठ आहे. आमच्या अम्मींच्या डोळ्यांचे उपचार तिथेच चालतात. दर दोन महिन्यांनी तारीख असते. गुडघ्यांमुळे एसटीची पायरी त्यांना चढवत नाही आणि दरवेळी भाड्याची गाडी करणे घराला झेपत नाही. दारात उभी होती ती अब्बांची प्रीमियर पद्मिनी. प्रश्न एवढाच होता की ती घाट चढेल का.

पद्मिनी म्हणजे मूळची फियाट. इटालियन फियाटची ही गाडी 1964 पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि पुढे पद्मिनी या नावाने घराघरांत पोचली. 1089 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि पुढे बाकासारखी सलग सीट. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिला सगळा देश ओळखतो. त्यातल्या शेवटच्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस संपली. आमची गाडी टॅक्सी कधीच नव्हती. अब्बांनी ती घरासाठी घेतली आणि शेवटपर्यंत स्वतः चालवली. अम्मींना तिच्यात बसता-उठताना गुडघा फार मुडपावा लागत नाही. नव्या गाड्यांत त्यांना दोघांनी धरून बसवावे लागते, या गाडीत त्या आपल्या आपण बसतात.

22 जुलै 2021 च्या महापुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी घरांत शिरले आणि ओसरताना गाळ मागे ठेवून गेले. आमच्या अंगणातली पद्मिनी काचांपर्यंत बुडाली होती. पाणी उतरल्यावर इंजिन सुरू न करता आधी तेल काढले, प्लग काढून सिलिंडर कोरडे केले, वायरिंग बदलले. गाडी पुन्हा चालू लागली तेव्हा अम्मींनी गल्लीत खजूर वाटले.

पण पुढच्याच उन्हाळ्यात घाटात, पोफळी सोडून थोडे वर गेलो असू, बॉनेटच्या फटींतून वाफ निघू लागली. दुपारची वेळ होती आणि गाडीत अम्मी व दोन लहान मुले होती. मागून येणाऱ्या एका ट्रकचालकाने गाडी कडेला घेतली. उतरताच त्याचे पहिले वाक्य होते, “झाकणाला हात लावू नका. अर्धा तास कुणी जवळ जाऊ नका.” त्याने मागच्या चाकाला दगड लावले, मुलांना सावलीत बसवले आणि आपल्या कॅनमधले पाणी देऊन तो निघून गेला. त्याचे नाव विचारायचे राहिले. अम्मी आजही त्याच्यासाठी दुआ करतात.

त्यानंतर घरात विचारविनिमय सुरू झाला. भाईजान कुवेतला असतात. ते फोनवर म्हणाले, “गाडी देऊन टाका. अम्मी घाटात अडकल्या तर काय करणार?” त्यांची काळजी खरी होती. पण नवी गाडी रोखीने घ्यायला पैसा नव्हता, आणि कर्जाने घ्यायची तर सूद आला. अब्बांनी आयुष्यभर जे टाळले ते त्यांच्याच गाडीच्या जागी दारात आणायला कुणाचे मन घेईना. शेवटी ठरले की गाडी नीट दाखवून घ्यायची. मिस्त्री म्हणाले होत नाही, तर विकायची.

मिस्त्री म्हणजे आमचे उस्ताद. मूळचे खेडकडचे. कुर्ल्याच्या गॅरेजांत तीसेक वर्षे पद्मिनी टॅक्सींचीच कामे केली आणि म्हातारपणी गावाकडे परतले. अब्बांचे दोस्त. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी आम्हालाच प्रश्न विचारले. गाडी सपाटीवर तापते की चढावर? वेगात तापते की रांगेत उभी असताना? पाणी रोज कमी होते का? डिपस्टिकला तेल दुधासारखे पांढरट दिसते का? रेडिएटरमध्ये इंजिन चालू असताना बुडबुडे येतात का?

आमची उत्तरे ऐकून ते म्हणाले, “तेल स्वच्छ आहे, बुडबुडे नाहीत. म्हणजे हेडचं गॅस्केट अजून शाबूत आहे, अल्लाहचे शुक्र करा. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन-तीनदा असंच उकळू दिलंत, तर हेड वाकेल. मग खर्चाला अंत नाही.”

मग त्यांनी जे समजावले ते आजवर कुणी सांगितले नव्हते. पेट्रोल जळून जी उष्णता होते, तिचा साधारण चौथा हिस्सा गाडी ओढण्याच्या कामी येतो. बराच भाग धुराबरोबर बाहेर जातो. उरलेला, जवळपास तिसरा हिस्सा, पाण्याला वाहून न्यावा लागतो. पंप पाणी फिरवतो, ब्लॉक आणि हेडच्या पोकळ्यांतून ते उष्णता घेते, रेडिएटरच्या जाळीत येऊन ती हवेला देते आणि थंड होऊन परत जाते. सपाटीवर गाडी वेगात असते, म्हणून समोरून वारा आपोआप लागतो. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये वीस-पंचवीसच्या वेगाने चढते. इंजिन पूर्ण जोर लावत असते, उष्णता सर्वांत जास्त, आणि समोरचा वारा सर्वांत कमी. तेव्हा सगळी भिस्त पंख्यावर आणि जाळीवर. “म्हणून सपाटीवर जो दोष झाकलेला राहतो तो कुंभार्ली उघडा करतो,” उस्ताद म्हणाले.

आम्हाला गावात आधी तीन सोपे उपाय सुचवले गेले होते. थर्मोस्टॅट काढून टाका, जास्त दाबाचे झाकण बसवा आणि विजेवर चालणारा पंखा लावा. उस्तादांनी तिन्ही बाजूला ठेवले, पण कारण सांगून.

थर्मोस्टॅट ही मेणाच्या गुणावर चालणारी झडप. पाणी 80-85 अंशांवर येईपर्यंत ती रेडिएटरची वाट बंद ठेवते, म्हणजे इंजिन लवकर योग्य तापमानाला येते. ती काढली तर सपाटीवर इंजिन गारच राहते, पेट्रोल जास्त खाते आणि झिजते. काही इंजिनांत तर झडप नसेल तेव्हा पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालूनच परत फिरतो, म्हणजे चढावर उलट तोटा होतो. उस्तादांनी आमची झडप काढून पातेल्यातल्या पाण्यात टांगली, बाजूला थर्मामीटर धरला आणि पाणी तापवले. नव्वदी ओलांडली तरी ती अर्धीच उघडली. ती बदलली, पण जागा रिकामी ठेवली नाही.

झाकणाचे गणित वेगळे. बंद रेडिएटरमध्ये दाब वाढला की पाणी उशिरा उकळते. सात पौंडांचे झाकण असेल तर 100 ऐवजी 111-112 अंशांवर. पण जास्त दाबाचे झाकण उष्णता कमी करत नाही, फक्त उकळणे लांबवते. आणि जुन्या रेडिएटरचे डाख, जुन्या होज तो दाब सोसतीलच असे नाही. आमच्या झाकणाचे रबर कडक होऊन चिरले होते, त्यामुळे मूळचा दाबसुद्धा टिकत नव्हता. मूळ मापाचेच नवे झाकण आले.

विजेच्या पंख्याबद्दल ते म्हणाले, “चांगली वस्तू आहे. पण जुन्या डायनामोला कमी वेगात तेवढी वीज पुरवता येत नाही. रात्री घाटात दिवे, वायपर आणि पंखा एकदम चालले की बॅटरी बसते. आधी जे आहे ते पूर्ण ताकदीला आणू. तरीही कमी पडलं तर पंखा लावू.”

रेडिएटर उतरवला तेव्हा पुराची खूण दिसली. जाळीच्या पातळ पत्र्यांमध्ये, इंजिनाच्या बाजूने, वाशिष्ठीचा गाळ सुकून विटेसारखा बसला होता. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसे, कारण धुताना पाणी नेहमी समोरून मारले जाते. त्याने गाळ आणखी आत गेला होता. जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने धुवायची असते, आणि तीही हलक्या धारेने, नाहीतर पत्रे वाकतात. आतली तऱ्हा निराळी होती. गाडीने आजवर विहिरीचे, बोअरचे, ओढ्याचे असे वाटेत मिळेल ते पाणी प्यायले होते. त्यातले क्षार नळ्यांत चुन्यासारखे बसले होते, त्यावर गंज. डाख सोडवून वरची टाकी उघडली तेव्हा निम्म्याहून अधिक नळ्यांची तोंडे बंद दिसली.

अशा वेळी नळ्यांतून चपटी सळई घालून त्या मोकळ्या करतात. आमच्या नळ्या फार पातळ झाल्या होत्या, म्हणून मूळच्या टाक्या ठेवून त्यांच्यामध्ये पितळ-तांब्याची नवी जाळी बसवली. एक ओळ नळ्या जास्त घेतल्या. मग तोंडे बंद करून, आत हवा भरून, रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवला. एकही बुडबुडा आला नाही.

पुढची कामे लहान होती, पण उस्तादांच्या मते खरा फरक त्यांनीच पडतो. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये मोकळी जागा होती. पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच फिरवत होता. त्यांनी पत्र्याचे गोल कडे बनवून पंख्याभोवती बसवले, जेणेकरून ओढलेली प्रत्येक हवा जाळीतूनच यावी. पंख्याचा पट्टा नवा घातला. अंगठ्याने मधोमध दाबला तर अर्धा इंच दबावा, इतकाच ताण. सैल पट्टा चढावर घसरतो, फार ताणलेला पंपाचे बेअरिंग खातो. खालचा होज बोटांनी दाबला तर मऊ लागला. पंपाच्या ओढीने असा होज वेगात आतल्या आत चिकटतो आणि पाणी अडते. तोही बदलला. ब्लॉकमधले पाणी तळाच्या तोटीतून सोडले तेव्हा आधी लाल चिखल आला, मग पाणी. स्वच्छ पाणी येईपर्यंत ब्लॉक धुतला.

शेवटी त्यांनी डिस्ट्रिब्युटर उघडला. आम्ही म्हटले, “उस्ताद, याचा पाण्याशी काय संबंध?” ते हसले. ठिणगी उशिरा पडत असेल तर पेट्रोल उशिरा जळते, ताकद कमी मिळते आणि उष्णता एक्झॉस्टच्या बाजूने हेडमध्ये शिरते. कार्बोरेटरमधून पेट्रोल गरजेपेक्षा कमी येत असेल तरी तेच. ब्रेक चाकाला चिकटत असेल तर इंजिनाला तेही ओझे. गाडी तापली की सगळे रेडिएटरला दोष देतात. त्यांनी पॉइंटमधले अंतर नीट केले, टायमिंग लावले, चारही चाके हाताने फिरवून पाहिली.

पाण्यात या वेळी तिसरा हिस्सा कूलंट घातला. कोकणात पाणी गोठण्याची भीती नाही, पण कूलंटमधली औषधे गंज धरू देत नाहीत आणि पाणी थोडे उशिरा उकळते. त्याहून जास्त घालण्यात आमच्याकडे फायदा नाही, कारण उष्णता वाहून नेण्यात साधे पाणीच सरस आहे. साधे म्हणजे क्षार नसलेले, बॅटरीत घालतात ते. इथे घरातल्या मंडळींनी लक्षात ठेवायची एक गोष्ट. कूलंट चवीला गोड आणि पोटात गेले तर जीवघेणे विष असते. ते कधीही शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये, सांडले तर लगेच धुऊन टाकावे. मांजरे, कोंबड्या आणि लहान मुले यांना त्याचा रंग व गोडी भुलवते.

डॅशबोर्डवर तापमानाचा वेगळा काटा बसवला आणि काम संपले. पद्मिनीचे काही सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. थर्मोस्टॅट आणि होज उस्तादांनी कुर्ल्याच्या जुन्या ओळखीतून मागवले.

अम्मींना नेण्याआधी आम्ही एकदा रिकामी गाडी पोफळीपर्यंत नेऊन आणली, मग पोती भरून घाटाच्या अर्ध्यापर्यंत. दोन्ही वेळा काटा शांत होता. त्यानंतरच्या तारखेला, मे महिन्यातच, फज्रची नमाज पढून निघालो. उन्हाच्या आत घाट चढणे हा कोणत्याही जुन्या गाडीसाठी बिनखर्चाचा उपाय. पुढच्या सीटवर अम्मी, मागे आम्ही आणि चालवायला मिरजेचे दुल्हाभाई. डिकीत दोन कॅन, दोन्हींवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले. एकावर ‘गाडी’, दुसऱ्यावर ‘वुजू व पिणे’.

पोफळीला उजाडले. या गावाचे नाव राज्यभर ठाऊक आहे ते कोयनेच्या विजेमुळे. घाटापलीकडे कोयना नदीवर 103 मीटर उंचीचे धरण आहे. नदी खरे तर पूर्वेला कऱ्हाडला जाऊन कृष्णेला मिळते. पण अडवलेल्या पाण्याचा मोठा भाग डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला आणला आहे. ते इथे खाली कोसळते, जमिनीखालच्या वीजगृहांत चक्रे फिरवते आणि पुढे वाशिष्ठीला येऊन मिळते. सगळे टप्पे मिळून 1,960 मेगावॉटची क्षमता. आमच्या वाशिष्ठीला भर उन्हाळ्यात पाणी असते ते या कोयनेमुळे. म्हणजे आम्ही ज्या डोंगरावर चढत होतो, त्याच्या आतून पाणी उतरत होते. दुल्हाभाई म्हणाले, “हा तर सह्याद्रीचा ब्लॉक झाला!” अम्मी म्हणाल्या, “गप्प बस आणि समोर बघ.”

घाट सुरू झाला. दुसरा गिअर, पाय हलका. उस्तादांनी बजावले होते की इंजिन गुदमरू देऊ नका. वरच्या गिअरमध्ये रडत चढण्यापेक्षा खालच्या गिअरमध्ये मोकळ्या आवाजात चढलेले बरे, कारण पंप आणि पंखा दोन्ही इंजिनाच्या फेऱ्यांवरच चालतात. काटा 85 वर होता. पहिल्या मोठ्या वळणानंतर 90. पुढे एक भरलेला ट्रक होता, त्याच्या मागे रांगावे लागले. 92. खिडकीच्या काचा खाली होत्या, जंगलाचा गारवा आत येत होता. पण आमच्यापैकी कुणाचे दरीकडे लक्ष नव्हते, सगळे त्या एका काट्याकडे बघत होते. ज्या वळणावर मागे वाफ निघाली होती तिथे काटा 94 वर गेला. अम्मींच्या हातातली तसबीह थांबली. ट्रकने बाजू दिली, गाडी पुढे निघाली आणि काटा 92 वर आला. मग तो 92 ते 94 च्या मध्येच राहिला, माथ्यापर्यंत.

वर पोचताच इंजिन लगेच बंद केले नाही. चढ चढून आल्याबरोबर बंद केले तर पंप थांबतो, पण हेडमधली उष्णता तिथेच असते, आणि पाणी अशा वेळीच उकळते. दोन मिनिटे मोकळे चालू ठेवले, मग बंद केले. जुन्या गाडीत आणखी एक त्रास असतो. उभ्या गाडीच्या उष्णतेने पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी पुन्हा सुरू होत नाही. त्यासाठी ओले फडके बरोबर होते. ते वापरावे लागले नाही.

हेळवाकला चहा घेतला. इथली हवाच वेगळी. खाली चिपळूणला पहाटेही घाम येत होता, इथे अम्मींनी ओढणी घट्ट लपेटली. जवळच कोयनानगर. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे इथे मोठा भूकंप झाला होता. अम्मींना तेव्हाची, चिपळूणपर्यंत भांडी पडल्याची, आठवण आहे. कोयनानगर सोडून पाटणकडे निघालो की रस्ता कोयनेच्या सोबतीने उतरत जातो, खोरे रुंद होते, लाल माती संपून काळी सुरू होते आणि उसाचे मळे दिसू लागतात. काटा 82 वर झोपला होता. कऱ्हाडला आम्ही तारखेच्या वेळेआधी अर्धा तास पोचलो.

डॉक्टरांनी डोळे तपासून पुढची तारीख दिली तोवर जोहरची वेळ झाली. इथे आमच्या गाडीतले दोन मसलक समोर आले. आम्ही कोकणी लोक शाफई. सफरात आम्ही जोहर आणि असर कसर करून, दोन-दोन रकात, एकाच वेळी पढलो. दुल्हाभाई हनफी. त्यांनी जोहर कसर केली, पण असर तिच्या वेळेवर, वाटेत पाटणला गाडी थांबवून पढली. तेवढ्या वेळात आम्ही बॉनेट उघडून पट्टा, होज आणि पाण्याची पातळी पाहून घेतली. झाकणाला हात न लावता, कारण आता बाजूला जादा पाण्याची पारदर्शक बाटली बसवली आहे आणि पातळी तिच्यातच दिसते.

उतरताना इंजिन तापत नाही, ब्रेक तापतात. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरलो. मगरिबच्या अजानीला बहादूरशेख नाक्यावर होतो.

तेव्हापासून गाडी हा घाट सहा वेळा चढली आहे. भाईजान सुट्टीवर आले तेव्हा एकदा त्यांनीच चालवली आणि सगळी वाट काट्याकडे पाहत राहिले. उतरल्यावर म्हणाले, “पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. पुढच्या वर्षी मुदत संपतेय, कागद आताच काढून ठेवा.” त्यांच्या तोंडून विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

ज्यांच्या दारात अशी जुनी गाडी आहे आणि वाट घाटाची आहे, त्यांच्यासाठी उस्तादांनी सांगितलेले थोडक्यात. निघण्याआधी इंजिन थंड असताना पाणी पाहावे. पट्टा अंगठ्याने, होज बोटांनी दाबून पाहावे. चढावर काटा वाढू लागला तर एसी असल्यास बंद करावा, हीटर असल्यास चालू करावा, कारण तोही इंजिनाची थोडी उष्णता बाहेर काढतो. वाफ दिसली तर वळण टाळून सुरक्षित जागी थांबावे, इंजिन बंद करावे, चाकांना दगड लावावे आणि माणसांना गाडीपासून व रस्त्यापासून दूर बसवावे. अर्धा तास झाकण उघडू नये. दाब सुटताच आतले पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर येते. नंतर जाड फडके धरून झाकण आधी पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नये, बीड तडकते. इंजिन चालू ठेवून थोडे थोडे घालावे. आणि इतके करून पुन्हा तापली, तर पुढे न जाता मागे फिरावे. डॉक्टरांची तारीख पुन्हा मिळते.

उस्तादांचा हिशोब करायला गेलो तेव्हा त्यांनी सामानाचे पैसे घेतले आणि मजुरी निम्मीच. बाकीचे अब्बांच्या दोस्तीचे, म्हणाले. अम्मींनी त्यांच्या घरी घावन आणि नारळाचा रस पाठवला. पुढची तारीख रजबमध्ये आहे. त्याआधी पावसाळ्याचा चिखल जाळीत बसलेला असेल, तो आतून बाहेर धुवायचा आहे.